वाहनातील पंपांचे बिघाड आणि मशीन लर्निंग

मोटारगाडीत पंप एकच नसतो. इंजिनाच्या बेअरिंगांना तेल पुरवणारा ऑइल पंप, इंजिन आणि रेडिएटर यांच्यात पाणी खेळते ठेवणारा वॉटर पंप, टाकीतले इंधन पुढे ढकलणारा इंधनपंप, डिझेल गाडीत त्याच्या पुढे बसवलेला उच्च दाबाचा पंप, ब्रेकच्या बूस्टरमधली हवा खेचून घेणारा व्हॅक्यूम पंप, ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधला तेलाचा पंप, अशी ही यादी लांबत जाते. ट्रक आणि बसमध्ये हवा दाबून टाक्यांत भरणारा कॉम्प्रेसर असतो आणि त्या हवेवर ब्रेक चालतात. जेसीबी, क्रेन, ऊसतोडणी यंत्र यांची तर सारी ताकद हायड्रॉलिक पंपातूनच येते. विजेवर चालणाऱ्या गाडीत इंजिन नसले तरी बॅटरी आणि मोटर थंड ठेवणारे पंप असतातच.

पंप लहान, पण त्याच्या बिघाडाची किंमत मोठी. ऑइल पंपाचा दाब गेला आणि इंजिन तसेच चालू राहिले, तर क्रँकची बेअरिंगे थोड्याच वेळात घासून निघतात आणि इंजिन जाम होते. वॉटर पंप बंद पडला की इंजिन तापते, हेड वाकते, गॅस्केट उडते. इंधनपंपाने महामार्गावर दम तोडला तर भरवेगातली गाडी मधल्या लेनमध्येच बंद पडते. जुलै २०२० मध्ये मारुती सुझुकीने वॅगन-आर आणि बलेनो मिळून १,३४,८८५ गाड्या परत बोलावल्या, त्या केवळ इंधनपंपात दोष असू शकतो म्हणून. त्यामुळे पंप बंद पडण्याच्या आधी त्याची झीज ओळखता आली, तर वाचणारा पैसा पंपाच्या किमतीच्या कितीतरी पट असतो. जीव वाचतात, ते वेगळेच.

पंप अचानक बंद पडला असे वाटते, पण बहुतेक वेळा तो बरेच दिवस झिजत आलेला असतो. गॅरेजात ज्याला वॉटर बॉडी म्हणतात त्या पंपाचे सील आधी कमजोर होते. त्याच्या अंगाला मुद्दाम ठेवलेल्या बारीक छिद्रातून पाणी ठिबकू लागते, ते पाणी बेअरिंगला लागते आणि मग शाफ्ट डगमगू लागतो. ऑइल पंपाच्या दात्यांमधली फट वाढत जाते आणि तेल पुढे जाण्याऐवजी त्या फटीतून मागे वळते. टाकीतला इंधनपंप इंधनामुळेच थंड राहतो. टाकी सतत तळाला नेऊन गाडी चालवली की तो तापतो, आणि फिल्टर चोक असेल तर त्याच्यावरचा ताण आणखी वाढतो. पंपाच्या तोंडाशी दाब फार कमी झाला, तर द्रवात त्याच्याच वाफेचे बुडबुडे बनतात आणि पुढे जास्त दाबाच्या जागी ते फुटतात. याला कॅव्हिटेशन म्हणतात. हे बुडबुडे धातूच्या पृष्ठभागाजवळ इतक्या जोराने मिटतात, की पंपाच्या फिरत्या चाकावर, म्हणजे इम्पेलरवर, खड्डे पडतात. अशा प्रत्येक झिजेच्या खुणा दाब, प्रवाह, तापमान, आवाज, कंपन आणि विजेचा करंट यांपैकी कशात ना कशात उमटतातच.

अनुभवी मिस्त्री या खुणा फार पूर्वीपासून वाचत आला आहे. लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक पंपाच्या अंगावर टेकवून मूठ कानाला लावली, की बेअरिंगचा खरखराट शेजारच्या आवाजांतून वेगळा ऐकू येतो. ही पद्धत खरीखुरी उपयोगी आहे. पण त्यासाठी गाडी गॅरेजात यावी लागते, आणि आवाज कानाला कळण्याइतका वाढलेला असावा लागतो.

गाडीतला संगणक हेच काम आकड्यांनी करतो. अमेरिकेत १९९६ पासून नव्या मोटारींना ठरावीक पद्धतीचे स्व-निदान बंधनकारक झाले. पुढे तीच रीत जगभर पसरली आणि भारतातही आली. इंजेक्टरांना इंधन वाटणाऱ्या नळीतला, म्हणजे रेलमधला, दाब ठरलेल्या मर्यादेखाली गेला की ‘पी ००८७’ हा कोड नोंदला जातो आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. पण या पद्धतीत दोन उणिवा आहेत. एक म्हणजे दाब कमी झाल्याचे कळले, तरी दोष पंपाचा आहे, फिल्टरचा, रेग्युलेटरचा की गळक्या इंजेक्टरचा हे त्या कोडवरून कळत नाही. दुसरी उणीव जास्त गंभीर आहे. आजच्या डिझेल गाडीत रेलमधला दाब १,६०० बारच्याही वर जातो आणि तो कायम राखण्यासाठी संगणक पंपात किती इंधन शिरू द्यायचे ते एका व्हॉल्व्हने सतत ठरवत असतो. पंप झिजला की संगणक तो व्हॉल्व्ह थोडा जास्त उघडतो. दाब पुन्हा जागेवर येतो. पंप आणखी झिजला की व्हॉल्व्ह आणखी उघडतो. घरातले कर्ते माणूस अंगात ताप घेऊन सगळी कामे उरकत राहते आणि ते आडवे पडल्यावरच घराला त्याचे दुखणे कळते, तसे हे आहे. दाबाच्या आकड्यावर पहारा ठेवणाऱ्याला महिनोन् महिने सगळे ठीक दिसते. व्हॉल्व्ह पूर्ण उघडून झाला की मगच दाब कोसळतो आणि दिवा लागतो.

मशीन लर्निंगचा खरा उपयोग इथे सुरू होतो. एका आकड्याला एक मर्यादा घालून देण्याऐवजी, इंजिनाची गती, भार, इंधनाचे तापमान, व्हॉल्व्हचे उघडणे आणि दाब यांचे आपसातले नाते संगणकाला भरपूर नोंदींवरून शिकू दिले जाते. मग इतक्या गतीला आणि इतक्या भाराला व्हॉल्व्ह किती उघडा असायला हवा, याचा अंदाज तो स्वतः बांधतो. प्रत्यक्ष उघडणे त्या अंदाजापासून दूर जाऊ लागले, की दाब शाबूत असतानाही झीज दिसते. विजेवर चालणाऱ्या वॉटर पंपाला हाच न्याय लागू पडतो. असा पंप केंद्रोत्सारी जातीचा असतो आणि त्याला लागणारी शक्ती गतीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. गती दुप्पट झाली तर शक्ती आठपट लागते. म्हणून ठरलेल्या गतीला किती करंट लागेल हे आधी सांगता येते. तेवढ्याच गतीला करंट घटला तर पाण्यात हवा शिरली असेल किंवा पंप कोरडा फिरत असेल. वाढला तर कुठेतरी काहीतरी घासते आहे. पदार्थविज्ञानाने अपेक्षित आकडा द्यायचा आणि शिकलेल्या यंत्राने फरकाचा अर्थ लावायचा, ही वाटणी सर्वांत भरवशाची आहे. पंपाचे विज्ञान बाजूला ठेवून नुसता आकड्यांचा ढीग यंत्रापुढे टाकला, की ते शिकते खरे, पण काय शिकले ते कोणालाच सांगता येत नाही.

इंधनपंपाचा करंट जरा जवळून पाहण्यासारखा आहे. टाकीतल्या नेहमीच्या इंधनपंपात ब्रश आणि कम्युटेटर असलेली छोटी डीसी मोटर असते. कम्युटेटरवर तांब्याच्या पट्ट्या असतात, बहुधा आठ. ब्रश एका पट्टीवरून दुसरीवर सरकताना करंट किंचित खाली-वर होतो. पंपाच्या तारेला करंट क्लॅम्प लावून ऑसिलोस्कोपवर पाहिले, तर लहान लहान उंचवट्यांची एक रांग दिसते. आठ उंचवटे म्हणजे एक फेरा. आठ उंचवट्यांना दहा मिलिसेकंद लागले तर पंप सेकंदाला १०० फेरे, म्हणजे मिनिटाला ६,००० फेरे घेतो आहे. पंप न उघडता, त्याला हातही न लावता त्याची गती कळली! आता या रांगेतला दर आठवा उंचवटा बाकीच्यांपेक्षा खोल दिसत असेल, तर एक पट्टी जळली किंवा झिजली आहे. सगळेच उंचवटे वेडेवाकडे असतील तर ब्रश संपत आले आहेत. गती वाढून सरासरी करंट उतरला असेल तर पंपापुढचा दाब गेला आहे किंवा त्याला इंधनच पुरत नाही. उलट गती कमी आणि करंट जास्त असेल तर पुढे फिल्टर तुंबला असेल किंवा आत काही अडकले असेल. कुशल इलेक्ट्रिशियन हे नजरेने ओळखतो. यंत्राला शिकवायचे ते हेच. उंचवट्यांची उंची, त्यांच्यातले अंतर, दर फेऱ्यागणिक होणारा बदल, असे आकडे काढायचे आणि कोणत्या आकड्यांच्या मेळाला कोणता दोष जुळतो ते नोंदींवरून दाखवून द्यायचे.

कंपनाच्या बाबतीत हे काम थोडे अवघड असते, कारण तिथे अनेक आवाज एकात एक मिसळलेले असतात. ते सोडवायचे साधन म्हणजे फूरिए रूपांतर. १९६५ मध्ये जेम्स कूली आणि जॉन ट्युकी यांनी ते संगणकावर झपाट्याने करण्याची रीत प्रसिद्ध केली आणि तेव्हापासून कोणत्याही कंपनात कोणकोणत्या वारंवारता दडल्या आहेत हे चटकन पाहता येऊ लागले. एक्स्कॅव्हेटरच्या हायड्रॉलिक पंपाचे उदाहरण घेता येईल. त्यात बहुधा नऊ पिस्टन एका वर्तुळात बसवलेले असतात. शाफ्ट मिनिटाला १,५०० फेरे घेत असेल तर सेकंदाला २५ फेरे होतात, आणि नऊ पिस्टनांमुळे दाबाचे २२५ ठोके. चांगल्या पंपाच्या आलेखात २२५ हर्ट्झला आणि त्याच्या पटींना ठळक टोके दिसतात. एका पिस्टनाच्या पायातला स्लिपर सैल झाला, तर तो दर फेऱ्याला एकदा वेगळा ठोका देतो आणि २२५ च्या दोन्ही बाजूंना, २०० आणि २५० पाशी, नवी टोके उगवतात. बेअरिंगचेही असेच गणित असते. ६२०५ क्रमांकाच्या नेहमीच्या बॉल बेअरिंगमध्ये नऊ गोळ्या असतात. त्याच्या बाहेरच्या कड्याला खड्डा पडला, तर दर फेऱ्याला सुमारे ३.५८ ठोके ऐकू येतात, आतल्या कड्याला पडला तर सुमारे ५.४२. दोष कुठे आहे ते या आकड्यांवरून पंप न खोलता सांगता येते.

वारंवारतेखेरीज काही साधे आकडेही कामाचे असतात. कंपनाची एकूण ताकद, सर्वांत मोठा धक्का आणि सरासरी यांचे गुणोत्तर, आणि कुर्टोसिस. कुर्टोसिस म्हणजे अधूनमधून येणाऱ्या टोकाच्या धक्क्यांचे माप. निरोगी बेअरिंगच्या कंपनात ते ३ च्या आसपास असते. खड्डा पडल्यावर धक्के येऊ लागतात आणि ते वर चढते. दोष फारच वाढून सगळेच खडखडू लागले, की ते पुन्हा खाली येते. म्हणूनच कोणत्याही एका मापावर विसंबता येत नाही.

कारखान्यातला पंप एकाच गतीने फिरतो, गाडीतला फिरत नाही. सिग्नलला इंजिन मिनिटाला आठशे फेऱ्यांवर असते आणि घाट चढताना तीन हजारांवर. मग २२५ हर्ट्झचे टोक जागेवर राहत नाही, आलेखभर पसरते आणि दोषाची खूण पुसली जाते. यावर उपाय असा, की कंपन वेळेच्या हिशेबाने न मोजता शाफ्टच्या कोनाच्या हिशेबाने मोजायचे. दर फेऱ्याला इतके नमुने असे ठरवले, की गती कितीही बदलली तरी नऊ पिस्टनांचे नऊ ठोके नवव्याच जागी दिसतात. रस्त्याचे खड्डे, गिअरचा आवाज, एसीच्या कॉम्प्रेसरचा भार ही भर पडतेच. प्रयोगशाळेत उत्तम चालणाऱ्या पद्धती रस्त्यावर लंगड्या पडतात त्या बहुधा इथेच.

असे आकडे हाती आले की शिकवण्याचा भाग येतो. सर्वांत सोपा आणि समजायला स्वच्छ प्रकार म्हणजे निर्णयवृक्ष. कुर्टोसिस अमुकहून जास्त आहे का? असेल तर बाहेरच्या कड्याच्या वारंवारतेला टोक आहे का? नसेल तर उच्च वारंवारतेचा पसरट कल्लोळ आहे का? अशा प्रश्नांच्या फांद्यांवरून उतरत शेवटच्या पानावर दोषाचे नाव येते. प्रश्न कोणते आणि मर्यादा किती, हे माणूस ठरवत नाही. उदाहरणे पाहून यंत्र ठरवते. तामिळनाडूतल्या संशोधकांनी २०१० मध्ये मोनोब्लॉक पंपावर याच पद्धतीने बेअरिंग, सील, इम्पेलर यांचे दोष आणि कॅव्हिटेशन वेगवेगळे ओळखून दाखवले. तो पंप वाहनातला नव्हता, पण रीत तीच. अनेक निर्णयवृक्षांचे मत घेऊन बहुमताने निकाल देणारी रँडम फॉरेस्ट ही पद्धत लिओ ब्रायमन यांनी २००१ मध्ये मांडली. वाहनांच्या नोंदींसारख्या तुटक, गोंधळलेल्या माहितीवर ती आजही दमदार ठरते. न्यूरल नेटवर्कला तर आकडे काढून देण्याचीही गरज नसते. कंपनाचा किंवा आवाजाचा आलेख चित्रासारखा समोर ठेवला की खुणा ते स्वतः शोधते. त्यासाठी उदाहरणे मात्र हजारोंनी लागतात.

आणि बिघडलेल्या पंपांची उदाहरणे हजारोंनी मिळत नाहीत. ही या विषयातली सर्वांत मोठी अडचण आहे. रस्त्यावरच्या गाड्यांपैकी जवळजवळ सगळ्यांचे पंप कोणत्याही क्षणी ठीकच असतात. प्रयोगशाळेत मुद्दाम बिघडवलेले पंप वापरायचे, हा एक मार्ग. जर्मनीत झारब्रुकेन इथल्या झेमा संस्थेने एका हायड्रॉलिक यंत्रणेवर तसे केले. पंपाची आतली गळती शून्य, थोडी आणि जास्त अशा तीन पायऱ्यांत बदलत साठ-साठ सेकंदांची २,२०५ आवर्तने नोंदली आणि ती सर्वांसाठी खुली केली. दुसरा मार्ग अधिक चतुर आहे. यंत्राला बिघाड शिकवायचाच नाही, फक्त निरोगीपणा शिकवायचा. निरोगी पंपाचा आवाज पुरेसा ऐकवला, की यंत्र तो आवाज आधी आवळून आणि मग पुन्हा उलगडून हुबेहूब उभा करायला शिकते. न ऐकलेला, बिघडलेला आवाज आला की त्याची नक्कल चुकते, आणि ती जितकी चुकते तितका संशय वाढतो. २०१९ मध्ये हिताची कंपनीने पंप, पंखे, व्हॉल्व्ह आणि सरकते रूळ यांचे निरोगी आणि बिघडलेले आवाज आठ मायक्रोफोनांनी टिपून, त्यांत कारखान्याचा गोंगाट मिसळून खुले केले. पंपांच्या बिघाडांत गळती आणि तुंबणे यांचा समावेश होता. पुढच्याच वर्षी याच धर्तीवर एक जागतिक स्पर्धा झाली, आणि तिची अट हीच होती की शिकताना केवळ निरोगी आवाज वापरायचे. या मार्गाची मर्यादाही स्पष्ट आहे. काहीतरी वेगळे आहे इतके यंत्र सांगते. काय बिघडले ते सांगत नाही. नवा फॅन बेल्ट बसवला तरी ते चमकू शकते.

खऱ्या रस्त्यावरच्या, खऱ्या वाहनांच्या नोंदी क्वचितच बाहेर येतात. स्वीडनच्या स्कॅनिया कंपनीने २०१६ मध्ये आपल्या ट्रकांच्या हवेच्या दाबयंत्रणेची माहिती एका स्पर्धेसाठी दिली. कॉम्प्रेसरने दाबलेली हवा ज्यातून ब्रेक आणि गिअर चालवते, ती ही यंत्रणा. शिकण्यासाठी ६०,००० ट्रकांच्या नोंदी होत्या. त्यातल्या ५९,००० नोंदी अशा ट्रकांच्या की ज्यांचा बिघाड इतरत्र होता, आणि फक्त १,००० अशा की ज्यांच्या हवेच्या यंत्रणेतला ठरावीक भाग खराब होता. प्रत्येक नोंदीत १७० आकडे होते. व्यापारी गुपित म्हणून त्यांची नावे काढून टाकलेली, आणि बरेच रकाने रिकामे. परीक्षेसाठी वेगळ्या १६,००० नोंदी ठेवल्या होत्या आणि त्यांत ३७५ खऱ्या बिघाडाच्या होत्या.

या स्पर्धेचे मोल तिच्या गुण देण्याच्या पद्धतीत आहे. चांगल्या ट्रकला विनाकारण गॅरेजात बोलावले तर १० एकक दंड. बिघडलेला ट्रक तसाच सोडला तर ५००. आता समजा, एखाद्या प्रणालीने काहीच न शिकता सोळा हजारही ट्रक ठीक आहेत असे सांगितले. तिची अचूकता ९७.७ टक्के भरते. जाहिरातीत छापण्यासारखाच आकडा! पण ३७५ बिघाड निसटले आणि दंड झाला १,८७,५००. उलट सगळेच ट्रक बिघडलेले आहेत असे सांगितले असते, तर अचूकता अडीच टक्क्यांच्याही खाली आणि दंड १,५६,२५०, म्हणजे पहिल्यापेक्षा कमीच. पहिला क्रमांक मिळवणाऱ्या चमूने ९ बिघाड निसटू दिले आणि ५४२ चांगले ट्रक नाहक अडवले. दंड ९,९२०. त्यांची अचूकता मोजली तर ती ९६.६ टक्के येते. काहीच न शिकलेल्या प्रणालीहून कमी अचूकता, आणि तरीही नुकसान एकोणिसाव्या हिश्श्याच्या आसपास. पंपांचे बिघाड ‘९८ टक्के अचूक’ ओळखल्याचा दावा जिथे वाचायला मिळेल, तिथे हे गणित आठवावे. निसटलेले बिघाड किती आणि खोटे इशारे किती, हे दोन आकडे वेगळे दिले नसतील तर तो दावा अर्धाच आहे.

या दंडातून आणखी एक गोष्ट निघते. १० आणि ५०० असा हिशेब असेल, तर बिघाडाची शक्यता ५१ मध्ये १, म्हणजे सुमारे दोन टक्के झाली की लगेच ट्रक तपासायला बोलावणे फायद्याचे ठरते. निम्म्याहून जास्त खात्री होईपर्यंत थांबणे महागात पडते. अर्थात, हा हिशेब वाहनागणिक बदलतो. प्रवाशांनी भरलेल्या बसच्या ब्रेकला एक, शहरात फिरणाऱ्या मोटारीच्या वॉटर पंपाला दुसरा. शिवाय खोटे इशारे फार झाले, तर चालक दिव्याकडे लक्षच देईनासा होतो.

अचूकतेचे आकडे फुगण्याचे आणखी एक कारण आहे आणि ते अभ्यासकांनाही चकवते. अमेरिकेतल्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाच्या बेअरिंगच्या नोंदी जगभर वापरल्या जातात. त्यांत ०.१८ मिलिमीटर व्यासापासून पुढचे खड्डे विजेच्या ठिणगीने कोरून कंपने टिपली आहेत. एकेक नोंद सलग असते. अभ्यासक तिचे शेकडो तुकडे करतात, काही शिकवायला घेतात, काही परीक्षेला ठेवतात. पण शेजारशेजारचे तुकडे जवळजवळ एकसारखेच असतात. यंत्र खड्डा न ओळखता त्या विशिष्ट बेअरिंगचा आवाज पाठ करते आणि परीक्षेत पैकीच्या पैकी गुण मिळवते. दुसऱ्या बेअरिंगवर तेच यंत्र गडबडते. वाहनांच्या बाबतीत नियम सोपा आहे आणि तो कसोशीने पाळायला हवा. ज्या गाडीच्या नोंदी शिकवायला वापरल्या, त्या गाडीची एकही नोंद परीक्षेत नसावी. उन्हाळ्यातल्या नोंदींवर शिकलेले यंत्र पावसाळ्यातही तपासून पाहावे.

प्रत्यक्ष वाहनात ही यंत्रणा बसवताना माहितीचा आकारही आड येतो. कंपन सेकंदाला १२,००० वेळा मोजले आणि प्रत्येक मोजणीला दोन बाइट धरले, तर एका सेन्सरची तासाभराची माहिती सुमारे ८६ मेगाबाइट होते. ती सगळी मोबाइलच्या नेटवर्कवरून पाठवणे परवडत नाही. म्हणून कंपनातून काढायचे आकडे गाडीतच काढले जातात आणि फक्त ते पुढे जातात. गती, दाब, तापमान, करंट हे तर गाडीतल्या संगणकांना आपसात जोडणाऱ्या कॅन वाहिनीवर आधीपासून फिरतच असतात. बॉशने ही वाहिनी १९८६ मध्ये जाहीर केली आणि आज जवळजवळ प्रत्येक मोटारीत ती आहे. नवा सेन्सर न लावता याच आकड्यांवर काम भागवणे हा मोटार कंपन्यांचा आवडता मार्ग आहे, आणि तो व्यवहार्यही आहे. जनरल मोटर्सने जानेवारी २०१५ मध्ये अशी सेवा जाहीर केली. निवडक शेवरोले गाड्यांत बॅटरी, स्टार्टर आणि इंधनपंप यांच्या बिघाडाची पूर्वसूचना मालकाला संदेशाने देण्याची ती योजना होती. भारतात १ एप्रिल २०२० पासून धुराच्या प्रदूषणाचे बीएस-६ नियम लागू झाले आणि बहुतेक दुचाकींतही कार्ब्युरेटर जाऊन इंधनपंप आणि इंजेक्टर आले. म्हणजे ज्यांचा करंट वाचून झीज ओळखता येईल, असे पंप आता देशातल्या लाखो स्कूटर-मोटारसायकलींत आहेत.

सेन्सर स्वस्त झाले आहेत, पद्धती खुल्या आहेत आणि संगणक गाडीतच आहे. कमी आहे ती खात्रीच्या निदानाची. गॅरेजात पंप बदलला जातो, जॉब कार्डावर ‘पंप बदलला’ एवढेच लिहिले जाते आणि जुना पंप भंगारात जातो. त्याचे ब्रश संपले होते, इम्पेलर तुटला होता, फिल्टर तुंबल्याने तो तापला होता, की पंप ठणठणीत होता आणि दोष वायरिंगमध्ये होता, हे कुठेच नोंदले जात नाही. त्या नोंदीशिवाय त्या गाडीच्या महिनाभराच्या सगळ्या आकड्यांना काही अर्थ उरत नाही, कारण यंत्राला शिकवायचे उत्तरच हरवलेले असते. म्हणून गॅरेज चालवणाऱ्यांनी, एसटी आगारांच्या आणि मालवाहतूकदारांच्या कार्यशाळांनी एक गोष्ट आजपासूनच करावी. काढलेला पंप उघडून पाहावा आणि आत नेमके काय आढळले, गाडी किती किलोमीटर चालली होती आणि तक्रार काय होती, हे तीन ओळींत लिहून ठेवावे.